कावळ्याला दिलेलं गणित

हौसा गेल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या हातात ज्ञानू तात्याच्या म्हशीचं दूध होतं. लिटरचं माप काठोकाठ भरलं होतं आणि तात्या म्हणत होता, "रंगा, फेस मोजू नको. दूध मोज."

सकाळचं पहिलंच माप होतं ते. गावचं दूध सेंटर मी चालवायचो. माझ्या मागं दोन कॅन उभे होते, एक गाईच्या दुधाचा, एक म्हशीच्या. समोर रांग. रांगेत चरव्या, किटल्या, एक-दोन कळश्या, आणि सगळ्यांत शेवटी माझी लेक वैजू, घरच्या गाईचं दूध घेऊन. काविळीनं माझी बायको हौसा तालुक्याच्या दवाखान्यात पडून होती. मी मामाचीच मुलगी केलेली, त्यामुळं सासू ही माझी मामी. ती हौसाच्या उशाशी बसली होती आणि मी मापं उरकून लगेच परत जाणार होतो.

तेवढ्यात माझा मेव्हणा सर्जेराव राजदूतवर आला. गाडी चालूच ठेवून रांग ओलांडून थेट आत आला, माझ्या हातातलं माप काढून घेतलं आणि खाली ठेवलं.

"दाजी, चला," तो म्हणाला.

"एवढी रांग उरकतो आन येतो."

"आता घाई न्हाई," सर्जेराव म्हणाला.

शेजारच्या कलाबाईनं जाऊन वैजूला जवळ घेतलं. मी सर्जेरावाच्या मागं बसलो आणि गेलो.

आम्ही गेल्यावर माणसांना प्रश्न पडला. दूध घरी परत नेणं बरं दिसेना, आणि मापं लावायला मी नव्हतो. मग एकेकानं पुढं होऊन, जो कॅन आधी दिसला त्यात आपापलं दूध ओतलं. गाईचं, म्हशीचं, सगळं एकात. चाळीस लिटरचा कॅन गळ्यापर्यंत भरला. असं आमच्या सेंटरवर कधी झालं नव्हतं. टँकरवाल्यानं तो तसाच नेला आणि पुढच्या खेपेला निरोप आणला की दूध मिश्र निघालं, फॅट साडेपाच.

हौसा त्या मार्चमध्ये दहावीला बसणार होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. लेक नववीत गेल्यावर तिच्या डोक्यात आलं की अंगणवाडीत सेविका व्हायचं, आणि त्याला दहावी लागते. बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म तिनं भरला. मायलेकी एका दिव्याखाली अभ्यास करायच्या आणि चुकलं की एकमेकींना धपाटे घालायच्या. इतिहासात हौसा जांभया द्यायची. बीजगणित मात्र तिला मनापासून आवडायचं, आणि त्यातलं सगळ्यांत लाडकं गणित होतं दुधाचं. चार फॅटचं गाईचं दूध आणि सात फॅटचं म्हशीचं दूध मिसळून पाच फॅटचं बारा लिटर दूध करायचं आहे, तर प्रत्येकी किती लिटर घ्यावं?

पहिल्यांदा तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी भाकरीवरनं मान वर न करता सांगितलं, "आठ गाईचं, चार म्हशीचं." इतकी वर्षं सेंटरवर बसल्यावर एवढं कळतंच.

"उत्तर बरोबर," हौसा म्हणाली. "मार्क शून्य."

"का म्हनून?"

"रीत कुठाय? क्ष मांडा, य मांडा, समीकरण करा. मग मार्क."

"म्हशीला काय कळतंय क्ष आन य?"

"म्हशीला न्हाई. बोर्डाला कळतं."

मग रोज जेवताना हेच सुरू झालं. मी म्हणायचो आठ आणि चार. ती अंगठा आणि बोट जुळवून गोल शून्य करून दाखवायची, आणि वैजू ठसका लागेपर्यंत हसायची. दवाखान्यात डोळे पिवळेधमक झाले होते, हाताला सलाइन होतं, तरी त्याच हातानं तिनं मला एकदा ते शून्य दाखवलं.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. पिंड मांडले. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्याचं मन भरलं असं आमच्याकडं धरतात. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. मग घरच्यांनी एकेक शब्द द्यायचा, की बाई, तुझं हे करू, तुझं ते करू, शिव आता. बरोबर शब्द लागला की कावळा येतो.

कावळे भरपूर होते. समोरच्या करंजावर ओळीनं बसले होते. एक तर खाली उतरून हातभर अंतरावर यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि मागं सरायचा. पुन्हा यायचा, पुन्हा मागं. मामी पिंडाला अगदी लागून, काळी छत्री उघडून उभी होती. तिचे गुडघे धरलेले, ऊन सोसत नव्हतं. लोक म्हणाले, मामी, झाडाखाली बसा. ती म्हणाली, "माझ्या लेकीचं हाय. मी जवळनं बगनार."

सर्जेराव हात जोडून पुढं झाला. "आक्का, पोरीची काळजी करू नगंस. वैजूला मी आमच्या गावाला नेतो. पोटच्या पोरीगत सांभाळतो."

कावळा दोन उड्या मागं गेला.

"यंदाच्या वैशाखात चांगलं स्थळ बगून तिचं लगीन लावून देतो."

कावळा उडाला आणि झाडावर जाऊन बसला.

वैजूनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. मामाचं बोलणं ऐकल्यावर तिनं ते मुठीत आवळलं. सर्जेरावाच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. तिथं नेलेली पोरगी पुढं काय करते ते तिला आणि मला दोघांना माहीत होतं. पण मी पहाटे आणि संध्याकाळी सेंटरवर असायचो, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, आणि सर्जेराव वाईट बोलत होता असंही म्हणता येत नव्हतं.

कलाबाई पुढं आली. "हौसाबाई, तुझी गाय इकू देनार न्हाई मी ह्यांना. शबुद."

कावळा जागचा हलला नाही.

ज्ञानू तात्यानं घसा खाकरला. "हौसा, तुझं उसनं नेलेलं मोठं पातेलं मी तेराव्याला आनून देतो."

तात्याची बायको त्याच्याकडं बघायला लागली. "तुमी तर म्हनला हुता इकत आनलंय."

"गप ए, इदी चाललाय."

माणसांत खसखस पिकली आणि लगेच दबली. भटजी आकाशाकडं बघून म्हणाले, "दर्भाचा कावळा करून उरकू या का? उन्हं वाढताहेत."

मी पुढं गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो. "हौसा, ते दुधाचं गणित मी सोडवतो. रीतीनं. क्ष आन य मांडून, समीकरन करून."

मामीच्या घशातून शिंक आवरल्यासारखा एक आवाज आला. तिनं छत्री मिटली, दोन्ही हातांनी पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवून बाजूला गेली. लेकीच्या आठवणीनं तिला रडू फुटलं असं आम्हाला वाटलं. तिचे खांदे हलत होते.

आणि कावळा आला. एक आला, त्याच्या मागं दुसरा आला, आणि आम्ही हात जोडेपर्यंत अख्खं करंजाचं झाड खाली आलं. पिंडाचं शीत राहिलं नाही.

घरी येताना सर्जेराव म्हणाला, "ते गनिताचं ठीक हाय, पर पोरीचं..."

"कावळ्यानं तुझं ऐकलं न्हाई, सर्ज्या," मामी छत्री टेकत म्हणाली. "ह्याचं ऐकलं." मग ती माझ्याकडं वळली. "पर रंगा, कावळ्याला दिलेला शबुद हाय. तेराव्याला समद्या लोकांम्होरं सोडवून दाखवायचं. सुटलं तर पोरगी हितं ऱ्हाईल आन शिकंल, मी सर्ज्याला तोंड उगडू देनार न्हाई. न्हाई सुटलं तर दुसऱ्या दिवशीच्या यष्टीनं ती माझ्यासंगं."

"मामी, मी सातवी नापास हाय."

"मग तूबी पातेलंच द्यायचं हुतंस."

त्याच दुपारी वैजूनं मला चटईवर बसवलं. हातात लाकडी पट्टी घेतली. तिचा चेहरा शाळेतल्या बाईंसारखा झाला होता.

"क्ष मानू," ती म्हणाली. "काय मानायचं?"

"गाय."

"गाय नाही आबा. गाईचं दूध, किती लिटर ते."

"गाय न्हाई तर दूध कुठनं येतंय?"

"गाय बाहेर बांधा. क्ष म्हणजे नुसता आकडा. आपल्याला तो माहीत नाही, म्हणून क्ष."

"मला म्हाईत हाय. आठ."

पट्टी चटईवर आपटली. "माहीत नाही असं मानायचं."

"म्हाईत असून?"

"असून."

मी मानलं. क्ष अधिक य बरोबर बारा, असं तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. मग मला राहवेना, मी त्यातून एक कप वजा केला.

वैजूनं पाटीत डोकं घातलं. "हे काय?"

"सँपल." सेंटरवर प्रत्येक दुधातून फॅट तपासायला थोडं काढून घेतात. ते परत कॅनमध्ये जात नाही. माझ्या हयातीत दोन दुधं मिसळून कधी पुरती भरली नव्हती.

"पुस्तकात सँपल नाही, आबा."

"मग गाईचं चार फॅट हाय हे पुस्तकवाल्याला कळलं कसं?"

वैजूनं पट्टी दातात धरली. मी खरंच विचारत होतो, चेष्टा करत नव्हतो, आणि तेच तिला सोसलं नाही. ती आधी नाकातून हसली, मग चटईवर आडवी झाली. तिला बघून मला सुटलं. आमच्या घरात हौसा गेल्यापासून कुणी हसलं नव्हतं, त्यामुळं ते थांबवायचं कसं हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. एक थांबला की दुसरा "सँपल" म्हणायचा.

मामी चुलीपासनं ओरडली, "तेरावं व्हायचं हाय अजून. शेजारपाजार काय म्हनंल? काय झालंय?"

"मामी, पुस्तकवाल्यानं सँपल न घेता फॅट सांगितलंय."

"आसं कसं सांगंल त्यो?" मामी हात पुसत आली आणि बसली. "आन म्हशीच्या चांगल्या दुधात गाईचं घालतोयच कशाला मेला?"

त्यानंतर ती उठलीच नाही. दुसरं समीकरण तिच्या साक्षीनं झालं. ते मला लगेच पटलं, कारण लिटरला फॅटनं गुणायचं हे आमचं रोजचंच. गाईचे चार क्ष, म्हशीचे सात य, दोन्ही मिळून बारा पंचे साठ. पण मग वैजू म्हणाली की आता एकाला घालवायचं. पहिल्या समीकरणाला चारनं गुणायचं, म्हणजे दोन्हीकडं चार क्ष होतात, मग खालच्यातनं वरचं वजा केलं की क्ष जातो आणि नुसता य राहतो. या रीतीला पुस्तकात एकसामयिक समीकरणं म्हणतात. मामीनं तो शब्द म्हणून बघितला, तिसऱ्या वेळी तिचा वरचा दात हलला आणि तिनं नाद सोडला.

"म्हंजी आदी गाय घालवायची," मामी म्हणाली.

"हां."

"मग म्हैस गावती."

"हां, आजी."

"मग घालव की रंगा गाय, वाट कसली बगतोस?" मामीनं मांडीवर थाप मारली. "गाय घालव. घालव गाय."

आणि दारात कलाबाई उभी. तिच्या मागं दोन बाया. भेटायला आल्या होत्या, त्यामुळं रीतीप्रमाणं डोळ्याला पदर लावून "अगं माझे हौसाबाई" असं सुरू केलेलं, ते तसंच अर्ध्यात राहिलं.

"गाय घालवताय?" कलाबाई म्हणाली. "म्या नदीवर शबुद दिलाय की."

वैजू पाटीमागं तोंड लपवून हलत होती. मामी म्हणाली, "आगं बाई, ती गाय न्हाई. त्यो आकडा हाय. बस, तुला सांगते." आणि तिनं कलाबाईला पहिल्यापासून सांगायला घेतलं, सँपलसकट. अर्ध्या तासानं सहाही माणसं गाय घालवत होती.

हे सगळं खरं. पण रीत माझ्या डोक्यात बसत नव्हती. मी वजा करताना अर्धं वजा करायचो, अर्धं मिळवायचो. कधी म्हशीचं दूध वीस लिटर यायचं, बारा लिटरच्या भांड्यात. तरी मी खाली आठ आणि चार लिहून मोकळा व्हायचो. वैजू तिच्या आईसारखं गोल शून्य करून दाखवायची. बाराव्याच्या संध्याकाळी मी एकदाचं सगळं न चुकता लिहिलं. तिनं ते दोनदा तपासलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. पण ती हसली नाही. "आबा, तुम्ही पाठ केलंय. तुम्हाला कळलेलं नाही."

"उद्या सुटलं म्हंजी झालं की."

ती पाटी पुसत बसली. तिनं शाळेचं दप्तर भरून कोपऱ्यात ठेवलं होतं. शेजारी तिच्या कपड्यांची पिशवीपण भरून ठेवली होती.

तेराव्याला अंगण भरलं. गोड जेवण होतं, पत्रावळ्या मांडल्या होत्या, भात ज्ञानू तात्यानं परत आणलेल्या मोठ्या पातेल्यातच शिजला होता. कावळ्याची गोष्ट गावभर झाली होती, त्यामुळं जेवायला बसायला कुणी तयार नव्हतं. मामी गोठ्याच्या दाराजवळ पाट टाकून बसली. दार काळं होतं. वैजूनं माझ्या हातात खडू दिला.

मी मांडलं. क्ष मानलं, य मानलं, पाठ होतं तसं एकाखाली एक लिहीत गेलो. गाय घालवली. म्हैस चार, गाय आठ. माणसं ओरडली, कुणी शिट्टी मारली. मी खडू खाली ठेवला.

"थांबा," सर्जेराव म्हणाला. "मामला खरा आसू दे. दाजी हे उत्तर आदीपास्नं सांगत्यात. आक्काच मला हसून सांगायची. आन रीत पाठ केलीया. दुसरं घाला."

"आरं, भात निवतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

"निवू दे," मामी म्हणाली. "सर्ज्या बरुबर बोलतोय. घाला कुनीतरी दुसरं."

कुणाला गणित घालता येईना. मग ज्ञानू तात्या उठला. पातेल्यावरून दिवसभर ऐकून घेऊन तो जरा चिडलाच होता. "त्या दिवशीचा कॅन घे," तो म्हणाला. "आमी समद्यांनी एकात ओतलं. चाळीस लिटर हुतं. साडेपाच फॅट लागली, तुला ठावं हाय. त्यात गाईचं किती आन म्हशीचं किती, सांग बगू."

त्या कॅनविषयी तोवर माझ्यासमोर गावातलं कुणी बोललं नव्हतं. मी वैजूकडं बघितलं. तिलाही उत्तर माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. ते दूध टँकरमध्ये जाऊन, पिशव्यांत भरून, कुठल्या कुठल्या चहात पडून संपलं होतं.

मी दार पुसलं. लिहिलं, क्ष मानू. आणि खडू तिथंच थांबला, कारण या वेळी मला मानावं लागलं नाही. मला खरंच माहीत नव्हतं. आठ नाही, चार नाही, काहीच नाही. क्ष म्हणजे काय ते मला तिथं गोठ्याच्या दारात कळलं.

मग हात आपोआप चालला. दोन्ही दुधं मिळून चाळीस. गाईची फॅट चार धरली, म्हशीची सात, थोडं इकडंतिकडं. चाळीस लिटरला साडेपाचनं गुणून दोनशे वीस. वरच्याला चारनं गुणलं, एकशे साठ. खालच्यातनं वरचं वजा. मामी पाटावरनं पुटपुटली, "गाय घालव," आणि मागं बायांनी तेच म्हटलं. गाय गेली. तीन य बरोबर साठ.

"म्हशीचं वीस," मी म्हणालो. "म्हंजी गाईचंबी वीस."

"आता कळंल," तात्या म्हणाला. "गाईवाल्यांनी हात वर करा. त्या दिवशी कुनी किती ओतलं ते सांगायचं. खोटं बोलायचं न्हाई, तेरावं हाय."

"माझं सहा," एकजण म्हणाला.

"आमचं पाच."

"माझं आठ."

"तुझी गाय आटलीया की दिवाळीपास्नं."

"मग तीन धरा," तो म्हणाला. अंगण हसलं. खाली बसता बसता तोही हसला.

"चार आमचं," कलाबाई म्हणाली.

तात्या बोटं मोजत होता. त्यानं दोनदा मोजलं. "अठरा," तो म्हणाला. "अजून कोन हाय गाईवालं?"

कुणी नव्हतं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सर्जेराव म्हणाला, "दोन कमी पडत्यात, दाजी." तो ते खुशीनं बोलला नाही. पण बोलला.

मी दाराकडं बघत होतो. वजाबाकी पुन्हा केली. तेच वीस.

"दोन आपलं," वैजू म्हणाली.

मी वळलो. ती खांबाला धरून उभी होती. "सगळ्यांनी ओतलं, आबा. मी रांगेत शेवटी होते. तुम्ही मामाबरोबर गेला. मग किटली घरी नेऊन काय करायचं ते मला कळेना. मीपण ओतलं. आईच्या गाईचं. दोन लिटर."

कुणीतरी आधी टाळी वाजवली. मग जो गोंधळ उठला तो सांगता येणार नाही. तात्यानं मला उचलायला बघितलं, त्याला जमलं नाही, आम्ही दोघं पत्रावळ्यांवर पडलो. म्हशीवाले म्हणायला लागले की आमचंही मोजा, आम्ही काय उपरे हाय. कलाबाई हसत होती आणि रडत होती आणि दोन्हीच्या मध्ये "सँपल, सँपल" म्हणत होती. वैजूनं खडू उचलला आणि दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं, चारपैकी चार.

मामी गुडघ्यावर हात ठेवून उठली. "सर्ज्या, यष्टीत माझ्या एकटीचीच जागा धर. आन बसा रं जेवायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामीला स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. तिनं छत्री मांडीवर आडवी ठेवली होती.

"रंगा, तुला एक सांगते. कावळा माझ्या छत्रीला भीत हुता."

मी तिच्या मांडीवरच्या छत्रीकडं बघितलं.

"मला पयल्यापास्नं दिसत हुतं," ती म्हणाली. "मी मिटनारच हुते. पर म्हनलं, आदी बगू, कोन काय बोलतंय."

"मग माझं ऐकून मिटली?"

"न्हाई रं. तवा हसू आलं. तूच सांग, लेकीचा दहावा, नवरा म्हनतोय क्ष मांडतो. तोंड झाकायला दोन हात पायजेत का न्हाई? मिटली छत्री."

"तुमी रडत न्हवता?"

"दोन्ही करत हुते."

"मग अट कशाला घातली, मामी? कावळा त्या गनितासाठी आला न्हवताच म्हंजी."

"त्यो भातासाठी आलता. त्याचं काय, त्यो कशालाबी येतोय." गाडी आली. ती उठली आणि पिशवी माझ्या हातातनं घेतली. "पोरीच्या शेजारी बसाय तू येतोस का, ते मला बगायचं हुतं."

मामी पुढं बरीच वर्षं जगली. तिच्या दहाव्याला मी आधी सगळ्यांच्या छत्र्या मिटायला लावल्या. कावळा लगेच शिवला. वैजू शिकली. आता कोल्हापूरला एका डेअरीच्या लॅबमध्ये दुधाची फॅट बघते, आणि मिसळलेल्या दुधाचा नमुना आला की मला फोन करून फक्त "सँपल" म्हणते आणि ठेवून देते. गोठ्याचं दार दोनदा बदललं.

हौसाचं बीजगणिताचं पुस्तक माझ्याकडं आहे. दुधाच्या गणिताखाली पुढचं गणित बोटीचं आहे. बोट प्रवाहाबरोबर किती जाते, प्रवाहाच्या उलट किती जाते, तर बोटीचा वेग किती आणि पाण्याचा किती. हौसानं त्या गणिताच्या नंबराभोवती पेन्सिलीनं गोल केलेला आहे. वैजू आली की विचारते, आबा, पुढचं कधी?

बोटीचं गणित अजून सोडवायचं राहिलंय.